अठराव्या महिन्याचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, पण मुलगा अजून बोलत नाही

पडवीतली | ४ जून, रात्री ११:४०

नमस्कार. इथे पाच-सहा वर्षं आहे, पाककृतींच्या धाग्यांवर लिहितेही. आज वेगळा आयडी घेऊन लिहिते आहे. कारण पुढे वाचलंत की कळेल.

मी देवगड तालुक्यातली. मला एचआयव्ही आहे. गरोदरपणात तिसऱ्या महिन्यात नाव घालायला गेले, रक्त तपासलं आणि कळलं. त्याच आठवड्यात गोळ्या सुरू झाल्या. रोज रात्री जेवल्यावर एक. आजवर एकही चुकवलेली नाही. बाळंतपणाआधी व्हायरल लोड केला तेव्हा व्हायरस मोजण्याइतकाही सापडला नाही. बाळाला पहिले सहा आठवडे लागण टाळणारं नेव्हिरापिनचं सिरप दिलं, सहा महिने फक्त अंगावर पाजलं, वरचं पाणीसुद्धा नाही. सहाव्या आठवड्याला त्याच्या टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेतले. मग सहाव्या महिन्यात, मग वर्षाचा झाल्यावर. गेल्या महिन्यात अठरा महिन्यांची शेवटची तपासणी झाली. निगेटिव्ह. एसटीत त्याला मांडीवर घेऊन घरापर्यंत रडत आले. कंडक्टरने विचारलं, ताई काय झालं. म्हटलं, काही नाही, चांगलंच झालंय.

आता तो एकोणीस महिन्यांचा आहे. चालतो, पळतो, कोंबड्यांच्या मागे लागतो. "चप्पल आण" म्हटलं की आणतो. पण बोलण्यात "आई", म्हशीला "बू" आणि "दे", एवढंच. शेजारची मुलगी याच्याहून दोन महिन्यांनी लहान, ती "आजी भात दे" म्हणते.

रात्री झोप येत नाही. मोबाईलवर शोधलं तर असं दिसलं की आईला एचआयव्ही असेल आणि मुलाला नसेल, तरी मुलाच्या मेंदूच्या वाढीत फरक पडू शकतो. हे खरं आहे का? माझ्या गोळ्यांमुळे होतं का? सेंटरवर विचारलं तर म्हणाले, निगेटिव्ह आहे ना, मग आता काळजी कसली. एका खाजगी दवाखान्यात विचारायला गेले तर माझ्या केसपेपरच्या कोपऱ्यात लाल पेनने गोल काढला आणि पुढच्या खेपेला मला सगळ्यांच्या शेवटी बसवलं. तिथे परत जाणार नाही.

नवरा ट्रॉलरवर खलाशी आहे. त्याला माहीत आहे, तोही गोळ्या घेतो. सासूबाईंना माहीत नाही. घर लहान आहे.

कुणाला काही माहीत असेल तर सांगा.

---

वाशिष्ठी | ४ जून, रात्री ११:५८

पहिल्यांदा हे सांगते: इतक्या महिन्यांत एकही गोळी न चुकवणं सोपं नाही. मला थायरॉईडची एक गोळी आठवड्यातून दोनदा विसरायला होते. धागा वर राहू द्या, जाणकार येतील.

---

हर्णै_बंदर | ५ जून, सकाळी ७:१०

ताई, मोबाईलवर वाचणं आधी बंद करा. माझा भाचा तीन वर्षांचा होईपर्यंत तोंड उघडत नव्हता. आज मर्चंट नेव्हीत आहे, आणि सुट्टीवर आला की आम्हाला बोलू देत नाही. मुलगे उशिरा बोलतात. थोडं थांबा.

---

शब्दसाद | ५ जून, सकाळी १०:२५

मी वाचा आणि श्रवण तज्ज्ञ आहे, रत्नागिरीला काम करते. हर्णैदादांचा भाचा बोलू लागला याचा आनंद आहे, पण "थोडं थांबा" या शब्दांशी माझं रोजचं भांडण आहे. माझ्याकडे चार वर्षांची मुलं येतात, आणि आईवडिलांना विचारलं तर प्रत्येकाच्या घरी कुणी ना कुणी थांबायला सांगितलेलं असतं. दहापैकी काही मुलं आपली आपण बोलतातही. आपलं मूल त्यातलं आहे की नाही हे थांबून कळत नाही, तपासून कळतं.

पडवीतली ताई, "बू" आणि "दे" हे शब्दच आहेत. दर वेळी म्हशीलाच "बू" म्हणतो ना? मग तो मोजायचा. अठराव्या महिन्याला आई-बाबा सोडून निदान तीन शब्द असावेत आणि साधी सूचना हातवारे न करता कळावी, असं धरतात. दोन वर्षांला दोन शब्द जोडून, "पाणी दे", "बाबा गेला" असं. म्हणजे मुलगा काठावर आहे. सूचना कळतात ही फार चांगली गोष्ट आहे.

मला हे सांगा: तो बोट दाखवतो का? हवं ते मागण्यासाठी नुसतं नाही, "ते बघ" म्हणून तुम्हाला दाखवण्यासाठी? कान कधी वाहिला आहे का? पाठीमागून हळू आवाजात नाव घेतलं तर वळतो का? आधी येत असलेला एखादा शब्द किंवा खेळ तो विसरला आहे का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "हो" असेल तर कुठल्याही वयात वाट बघायची नाही.

---

खाडीकाठ | ५ जून, दुपारी १:०२

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. इतकी जहाल औषधं नऊ महिने पोटातल्या बाळावर जातात, त्याचा मेंदूवर परिणाम होणारच. डॉक्टर हे सांगणार नाहीत. आमच्याकडे गुळवेलीचा काढा घेऊन बरे झालेले लोक पाहिले आहेत.

---

बालरोग_चिपळूण | ५ जून, रात्री ९:४५

ओपीडी संपवून सविस्तर लिहितो आहे.

ताई, तुम्ही वाचलंत ते खोटं नाही, पण तेवढ्यावर थांबू नका. जगात आज दीड कोटीहून जास्त मुलं अशी आहेत की आईला एचआयव्ही, मुलाला नाही. काहीच उपचार नसतील तर आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं. आई नियमित गोळ्या घेत असेल तर अंगावर पाजूनही ते ५ टक्क्यांच्या खाली येतं. म्हणजे यातली बरीच मुलं गोळ्यांमुळे वाचली आहेत. ती वाचली, वाढू लागली, तेव्हा पुढचा प्रश्न आला: यांची वाढ इतर मुलांसारखीच होते का?

दक्षिण आफ्रिकेत केप टाउनजवळच्या पार्ल भागात ड्राकेन्स्टाइन नावाचा मोठा अभ्यास आहे. २०१२ पासून तिथे गरोदर बायका नोंदवल्या आणि मुलांना जन्मापासून पाहत गेले. दोन वर्षांच्या वयाला, लागण न झालेल्या पण आईला एचआयव्ही असलेल्या मुलांमध्ये भाषेचा उशीर जास्त सापडला, समजण्यातही आणि बोलण्यातही. चालणं, पकडणं, विचार करणं यांत तसा फरक नव्हता. हे २०१९ मध्ये छापून आलं. आता दुसरी बाजू. बोट्सवानात त्शिपिदी नावाच्या अभ्यासात त्याच वयाची अशी मुलं आणि इतर मुलं जवळपास सारखीच निघाली. दोन्ही अभ्यास नीट केलेले आहेत. फरक सापडतो तिथेही तो शेकडो मुलांच्या सरासरीतला फरक असतो. त्यावरून तुमच्या एका मुलाचं काही ठरत नाही.

कारण काय, यावर काम चालू आहे. व्हायरस बाळात गेलाच पाहिजे असं नाही. आईच्या शरीरात तो असला की तिची प्रतिकारशक्ती सतत लढाईच्या तयारीत राहते, रक्तातली सूज वाढते आणि तिचे संदेश वारेतून बाळापर्यंत पोचतात. गोळ्या लवकर सुरू झाल्या की ही सूज कमी होते. शिवाय कमी दिवसांचं बाळंतपण, कमी वजन, आईचं रक्त कमी असणं, आईचं मन खचलेलं असणं, घरात पैसा नसणं या सगळ्याचा भार मेंदूवर पडतो. यातलं बरंचसं एचआयव्ही नसलेल्या घरांतही असतं, आणि बरंचसं दुरुस्त करता येतं.

खाडीकाठ, तुमचा राग मानला नाही, पण उत्तर देणं भाग आहे. गोळ्यांविषयीचे प्रश्न डॉक्टर लपवत नाहीत, डॉक्टरांनीच ते विचारले. पूर्वीच्या गोळीत एफाविरेन्झ असायचं. गरोदरपणी ते घेतलेल्या आयांच्या मुलांना विकासाच्या काही चाचण्यांत थोडे कमी गुण पडले, असं बोट्सवानातल्याच एका तुलनेत दिसलं. आता डॉल्युटेग्राविर असतं. त्याबद्दलही २०१८ मध्ये भीती उठली होती की बाळाच्या पाठीच्या कण्यात दोष येतो. पुढे हजारो बाळंतपणांची नोंद झाली तशी ती भीती ओसरली आणि २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते गरोदर बायकांसह सगळ्यांना सुचवलं. आता गोळ्या न घेतल्या तर काय, तेही ऐका. लागण झालेल्या बाळाला उपचार मिळाले नाहीत तर जवळपास निम्मी बाळं दुसरा वाढदिवस पाहत नाहीत, आणि जगतात त्यांच्या मेंदूवर व्हायरस थेट घाव घालतो. काढ्याने एचआयव्ही बरा झालेला मी पाहिलेला नाही. गोळ्या सोडून काढा घेतलेले मात्र पाहिले आहेत, आणि ते लिहवत नाही.

जन्माला मेंदू मोठ्या माणसाच्या साधारण पाव वजनाचा असतो, दुसऱ्या वर्षाअखेर पाऊण होतो. पहिल्या काही वर्षांत दर सेकंदाला दहा लाखांहून जास्त नव्या जोडण्या होतात असं सांगतात. तुमचा मुलगा आज त्या भरतीत आहे. आत्ता केलेलं लागू पडतं.

पुढचं काम: कानांची तपासणी, हिमोग्लोबिन आणि विकासाची तपासणी. त्रिवेंद्रमच्या बालविकास केंद्राने बनवलेला एक साधा तक्ता आहे, त्यावर दोन वर्षांपर्यंतच्या मुलाचं सगळं पाच-सात मिनिटांत बघता येतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम अंगणवाडीत येते तेव्हा मुलाला दाखवा. हा कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या कोकणपट्टीतच, पालघरला, सुरू झाला. शून्य ते अठरा वर्षं, खर्च काही नाही. विकासात उशीर हा त्यांच्या यादीतलाच विषय आहे, त्यामुळे "बोलत नाही" एवढं कारण पुरतं. तुमच्या आजाराचा उल्लेखही करावा लागत नाही.

---

वाशिष्ठी | ५ जून, रात्री १०:०५

डॉक्टर, हा प्रतिसाद मी जपून ठेवला आहे. धन्यवाद.

---

खाडीकाठ | ५ जून, रात्री १०:३०

काढ्याबद्दल लिहिलं ते ऐकीव होतं. मागे घेतो. ताई, गोळ्या सोडू नका.

---

मालवणी_आजी | ६ जून, सकाळी ६:१५

गो बाय, रडा नको. माका पाच नातवंडा. धाकटो अडीच वर्साचो होयसर नुसतो बोट दाखवी होतो. तेचो पयलो शब्द "आजी" नाय, "बांगडो"! सगळे हसले, पण माका आनंद झालो.

तेका नाचण्याची आंबील दी. पेडव्याचा सार दी, काटो नीट काडून. आणि बोलत रव. भात घालतंस तर सांग, भात घालतंय. कोंबड्यांका दाणे टाकतंस तर सांग, दाणे टाकतंय. पोरग्याक वाटता आवस माझ्याशी बोलता.

---

कोकमसार | ६ जून, सकाळी ८:४०

आजी, "बांगडो" फारच आवडलं. आमच्या मुलीचा पहिला शब्द "एट्टी", म्हणजे एसटी.

अवांतर: नाचणीत कॅल्शियम भरपूर, १०० ग्रॅममध्ये साधारण ३४४ मिलिग्रॅम. पण रक्त वाढवायला नुसती नाचणी पुरत नाही, तिच्यातलं लोह अंगी लागणं अवघड असतं. मोड आणून वाळवून दळली तर बरं, आणि वर लिंबू पिळावं. सुकट भाजून, पूड करून मुगाच्या खिचडीत घालते मी, मुलीला कळतही नाही.

---

हर्णै_बंदर | ६ जून, सकाळी ९:१५

सुकट आधी दोन-तीन पाण्यांतून धुवायची हो, मीठ आणि वाळू फार असते. पेडवे-तारली मात्र लहान मुलांना उत्तम. मेंदूला लागणारं ओमेगा-थ्री तेल त्यांत भरपूर असतं आणि पापलेटच्या पाव किमतीत मिळतात.

आणि शब्दसाद ताई, तुमचं वाचून बहिणीला फोन केला. भाच्याचा कान लहानपणी वाहायचा, असं ती म्हणाली. मला माहीतच नव्हतं. "थांबा" म्हटलं ते चुकलं.

---

पडवीतली | ६ जून, दुपारी ३:३०

सगळे वाचते आहे. पुन्हा पुन्हा वाचते आहे.

शब्दसाद ताई, बोट दाखवतो. विमान दिसलं की माझी हनुवटी धरून तोंड वर करतो आणि बोट दाखवतो. विसरला काहीच नाही. कान मात्र दोनदा वाहिला, गेल्या पावसाळ्यात आणि मार्चमध्ये. सर्दी तर असतेच. मागून हाक मारली तर कधी वळतो, कधी नाही. आम्ही म्हणायचो खेळात दंग आहे.

आजींचं वाचून एक गोष्ट जाणवली, ती लिहायला धीर होत नव्हता. मी त्याच्याशी बोलते, पण हळू बोलते. आजार कळल्यापासून मला घरात मोठ्याने बोलायची सवयच राहिली नाही. फोन आला तर परसात जाऊन कुजबुजते. गोळीची बाटली वाजू नये म्हणून आत कापूस घातला आहे. सासूबाई म्हणतात, सून शांत आहे. मी अशी नव्हते.

---

कातळसडा | ६ जून, सायंकाळी ६:००

माझं मत: अंगणवाडी सेविकेला आणि सासूबाईंना खरं सांगून टाका. लपवाछपवीने ताण वाढतो. सेविकेला माहीत असेल तर ती मुलाकडे जास्त लक्ष देईल.

---

निवृत्त_समुपदेशक | ६ जून, रात्री ८:२०

कातळसडा, तुमचा हेतू चांगला आहे, पण सांगायचं की नाही, कुणाला आणि कधी, हे ठरवायचा हक्क फक्त तिचा. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तिच्या संमतीशिवाय कुणी ही माहिती पुढे देऊ शकत नाही, आणि उपचारात, शाळेत, नोकरीत भेदभाव करता येत नाही. केसपेपरवरचा तो लाल गोल याच कायद्याच्या विरुद्ध आहे. मुलगा निगेटिव्ह आहे. अंगणवाडीला सांगण्यासारखं काही नाहीच. वाडीत एकाला कळलं की विहिरीवर कळतं. मी पाहिलं आहे.

मी सरकारी तपासणी केंद्रात समुपदेशक होते. २००२ मध्ये कार्यक्रम सुरू झाला तेव्हा आमच्या हातात काय होतं? कळा सुरू झाल्या की आईला नेव्हिरापिनची एक गोळी, आणि जन्मल्यावर तीन दिवसांच्या आत बाळाला सिरपचा एक डोस. बस. बाई घरीच बाळंत झाली तर तेही हुकायचं. खाडीपलीकडच्या एका बाईची गोळी मी स्वतः तरीतून नेली होती. १ जानेवारी २०१४ पासून प्रत्येक गरोदर बाईला तीन औषधं, आणि तीही कायमची, असं ठरलं तेव्हा आमच्या खोलीत सगळ्यांचे डोळे भरून आले होते.

आता जे सांगते ते मनाला लागलेलं आहे. अठराव्या महिन्याला मूल निगेटिव्ह आलं की आमच्या रजिस्टरमध्ये त्याची ओळ संपायची. हिरव्या शाईने खूण करायची, आईला पेढा द्यायचा. तो दिवस आमच्यासाठी सणासारखा असे. पण मूल पुढे बोलतं का, शाळेत बसतं का, हे विचारायला रकानाच नव्हता. आम्हीही विचारलं नाही. तुम्हाला सेंटरवर "आता काळजी कसली" म्हणाले ते वाईट मनाने नाही. त्यांच्यासाठी ती ओळ संपलेली आहे. तुम्ही पुन्हा जा आणि तुमच्या समुपदेशकाला सांगा की मुलाला जिल्ह्याच्या ठिकाणी, लहान मुलांच्या विकासाची तपासणी करतात तिथे, पाठवण्याची चिठ्ठी हवी. नाही म्हणाले तर १०९७ वर फोन करा, ती राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, पैसे पडत नाहीत.

---

कातळसडा | ६ जून, रात्री ८:५०

विहिरीचं बरोबर आहे. माझ्या डोक्यात शहर होतं. माझा सल्ला बाजूला ठेवा.

---

दाभोळचा_पोरगा | ७ जून, रात्री १२:५०

मी इथे फक्त इंजिनांच्या धाग्यांवर लिहितो. हा धागा वाचून झोप गेली.

मी तसलाच मुलगा आहे. जन्म २००३. आईला ती एक गोळी मिळाली होती, मला तो एक डोस. मी निगेटिव्ह निघालो. बाबा मी वर्षाचा व्हायच्या आत गेले. मी साडेतीन वर्षांचा होईपर्यंत नीट बोलत नव्हतो.

घरात मी, आई आणि आजी. आईच्या ताटाखाली आणि पेल्याखाली आजीने लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला होता, भांडी वेगळी ओळखू यावीत म्हणून. मला तो ठिपका आवडायचा. मी पेला उलटा करून बघत बसायचो. मला वाटायचं आईचा म्हणून त्याला टिकली लावली आहे. एकदा मी माझ्या पेल्यालाही खडूने लाल ठिपका काढला. आजीने तो पेला माझ्या हातातून ओढून घेतला, घासला, पुन्हा घासला, आणि रडायला लागली. मला कळेना मी काय केलं.

सांगायचं आहे ते हे. माझ्याशी कुणी वाईट वागलं नाही. जेवण मिळायचं, कपडे मिळायचे. पण त्या घरात कुणी बोलत नव्हतं. आजी आईशी बोलायची नाही, आई भीतीने बोलायची नाही, शेजारी यायचे नाहीत. बोलणं कानावर पडणार कुठून? मग अंगणवाडीत गेलो. तिथल्या मॅडम इतक्या बोलायच्या की त्यांचा आवाज बंदरावर ऐकू यायचा. वर्षभरात मी बोलायला लागलो. गणितात बरा होतो, मराठीचं पुस्तक वाचायला मात्र चौथीपर्यंत त्रास झाला. डिझेल मेकॅनिकचा आयटीआय केला. आता होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो, आणि नुसत्या आवाजावरून सांगतो कुठला सिलिंडर पकडत नाही.

आई ठीक आहे. २००६ पासून गोळ्या घेते. आजी जायच्या आधी दोन वर्षं दोघी एकाच ताटात जेवायच्या.

माझा मेंदू व्हायरसने मागे राहिला, औषधाने राहिला की त्या शांततेने, मला सांगता येणार नाही. पण ताई, कुजबुजू नका.

---

मालवणी_आजी | ७ जून, सकाळी ६:०५

पोरा, तुझ्या आवशीक माझो नमस्कार सांग.

---

शब्दसाद | ७ जून, सकाळी ११:१०

दाभोळच्या दादांचं वाचून थोडा वेळ काहीच लिहवलं नाही.

ताई, तुम्ही लिहिलंत त्यात माझ्या दृष्टीने दोन गोष्टी मिळतात. कान दोनदा वाहिला आहे आणि सर्दी कायमची आहे. अशा मुलांच्या पडद्यामागे चिकट पाणी साठतं. मूल ठार बहिरं नसतं, पण डोकं पाण्याखाली घालून ऐकल्यासारखं ऐकतं. ताट पडलेलं ऐकू येतं, "क" आणि "त" मधला फरक ऐकू येत नाही. त्यात घरात हळू बोलणं. दोन्ही मिळून काय होत असेल बघा. दोन्हींवर उपाय आहे. कानाच्या तपासणीला ओएई आणि टिम्पॅनोमेट्री म्हणतात, दुखत नाही, सुई नाही. गरज पडली तर बेरा, ती मूल झोपेत असताना करतात.

आणि घरी: तो विमान दाखवतो तेव्हा नुसतं "हो" म्हणू नका. "विमान! मोठं विमान. गेलं विमान." मग थांबा, त्याच्या तोंडाकडे बघा. पाच-सहा सेकंद थांबा, ते फार लांब वाटतात. तो काहीही आवाज काढेल, ते उत्तर धरा आणि पुन्हा बोला. त्याच्या समोर, त्याच्या उंचीवर बसून. मोबाईलवरची गाणी लावून ठेवू नका, मोबाईल त्याची वाट बघत थांबत नाही.

---

हर्णै_बंदर | ७ जून, दुपारी १२:००

ताई, १ जूनपासून मासेमारीची बंदी लागली ना? म्हणजे ३१ जुलैपर्यंत नवरा घरी. दोन महिने बाप घरात आहे, कोकणात हे वर्षातून एकदाच होतं. जाळी दुरुस्त करायला पडवीत बसेल तेव्हा पोराला मांडीवर द्या. खलाशाचा आवाज इंजिनावरून ऐकू जायला तयार झालेला असतो, तो कुजबुजणार नाही.

---

पडवीतली | १९ जुलै, रात्री १०:१५

धागा वर काढते आहे. बरेच जण व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारत होते.

सेंटरवर गेले. समुपदेशक ताईंनी चिठ्ठी दिली, सोबत फोनही केला. कणकवलीवरून एसटी बदलून जिल्ह्याला गेलो, तिघं. मुसळधार पाऊस होता, नांदगावजवळ झाड पडलं म्हणून तासभर अडकलो. तिथल्या मॅडमनी आधी मुलाशी अर्धा तास खेळूनच घेतलं, फाईल नंतर उघडली.

कान: दोन्ही पडद्यांमागे पाणी, उजव्या बाजूला जास्त. नाकाचं औषध दिलं आहे, तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं, तोवर उतरलं नाही तर नळी टाकायचा विचार करू म्हणाले. हिमोग्लोबिन ९.२. लोहाचं सिरप सुरू केलं. विकासाच्या तपासणीत चालणं, हात, समज वयाप्रमाणे, बोलणं मागे. दर पंधरा दिवसांनी वाचा उपचाराला बोलावलं आहे. आजाराचं मी स्वतःहून सांगितलं, मॅडमनी विचारलं नव्हतं. त्यांनी फक्त मान हलवली आणि विचारलं, "तुमची झोप कशी आहे?" हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

हर्णैदादा, नवऱ्याला तुमचं वाचून दाखवलं. तो जाळी घेऊन बसतो आणि पोराला एकेक वस्तू हातात देतो. बोया, शिसं, सुतळी. मी आतून स्वयंपाक करताना मोठ्याने बोलते. पहिले चार दिवस माझाच आवाज मला परका वाटला. मी "कांदा चिरतेय" म्हटलं की सासूबाई बाहेरून म्हणतात, "बारीक चीर गो." मग त्या बोलत राहतात. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. कधी सांगेन ते माहीत नाही. पण बाटलीतला कापूस काढला. विचारलं तर रक्ताची गोळी म्हणेन.

शब्द वहीत लिहून ठेवते, शब्दसाद ताईंनी व्यनित सांगितलं होतं तसं. काल रात्रीपर्यंत अकरा. त्यांतले चार फक्त मलाच कळतात, पण दर वेळी त्याच वस्तूला म्हणतो.

एक विचारायचं होतं. लोहाच्या सिरपने त्याचे पुढचे दात काळे दिसायला लागले आहेत आणि शीही काळी होते. सासूबाई घाबरल्या आहेत. बंद करू का?

---

बालरोग_चिपळूण | १९ जुलै, रात्री १०:५०

बंद करू नका. शी काळी होणं अपेक्षित आहे. दातांवरचा रंग वरवरचा असतो, निघून जातो. सिरप ड्रॉपरने जिभेच्या मागच्या बाजूला सोडा, वर दोन घोट पाणी, मग ओल्या फडक्याने दात पुसा. दुधाबरोबर किंवा दूध प्यायल्यावर लगेच देऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. लिंबाच्या पाण्याबरोबर चालेल. पोट फार बिघडलं तर तिथल्या डॉक्टरांना विचारून मात्रा विभागून घ्या. आणि बाटली मुलाच्या हाताला लागणार नाही अशी उंच ठेवा, जास्त पोटात गेलं तर धोक्याचं असतं.

कानाच्या फेरतपासणीची तारीख काय दिली आहे? इथे लिहून ठेवा, मी विचारीन.

---

पडवीतली | १९ जुलै, रात्री ११:०५

९ ऑक्टोबर.